मुलींच्या शाळेचे दगड

माझे वडील, मुनीब मास्तर, अकरा वर्षं एका पुस्तकामागे लागले होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी नासरेथच्या शाळेत इतिहास शिकवला. नेपोलियनच्या स्वाऱ्या शिकवल्या, फ्रान्सची क्रांती शिकवली, पण आमच्या गावाचं नाव कुठल्याच क्रमिक पुस्तकात नव्हतं. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक टेपरेकॉर्डर विकत आणला आणि म्हातारी माणसं हुडकायला निघाले.

आमचं गाव ऐन शूमर. शूमर म्हणजे रानात उगवणारी बडीशेप. ती ज्या झऱ्याकाठी माजते त्या झऱ्याचं हे गाव. आमच्या गच्चीवरून त्याची टेकडी दिसते. गाडीने वीस मिनिटांची वाट. पण अठ्ठेचाळीस सालापासून तिथे आमचं एकही माणूस राहत नाही, राहू दिलं जात नाही. आता तिथे पाइनचं जंगल आहे आणि झाडांखाली सहलीला येणाऱ्यांसाठी लाकडी बाकं.

पुस्तक निघालं ते अठ्ठ्याण्णव साली, गाव सुटल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. संगणकावर ते सगळं मी उतरवलं होतं. पाचशे बारा पानं! घराघराचा नकाशा, शेतांची नावं, तेलाचे दोन घाणे, कुठली विहीर कुणाची, सगळं. प्रकाशनाला गावकरी मंडळाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी नवा कोट शिवला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आरशासमोर उभं राहून केस विंचरताना पाहिलं.

त्यांनी शिक्षणाचं प्रकरण वाचायला घेतलं. "एकोणीसशे चव्वेचाळीस साली मुख्तार अब्दुल-लतीफ यांनी गावातल्या मुलींसाठी शाळा बांधली..."

"खोटं आहे."

आवाज मागून, बायकांच्या रांगेतून आला. सगळ्यांच्या माना वळल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून रस्मियामावशी उभी होती. वय एकाहत्तर, उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी. आख्खं गाव तिला मावशीच म्हणायचं, फार मान द्यायचा तर उम्म फयाद, म्हणजे फयादची आई.

"काय म्हणालात, मावशी?" बाबांनी चष्मा काढला.

"ते परत वाच."

बाबांनी परत वाचलं.

"मुख्तारने किती दगड उचलले?" तिने विचारलं.

लोक हसले. मुख्तार म्हणजे आमच्याकडचा पाटील. त्याचा मुलगा हाजी आतिफ पहिल्या रांगेत बसला होता. तो ताडकन उठला. "माझ्या वडिलांनी जागा दिली! सरकारदरबारी अर्ज केला! नासरेथहून गवंडी आणला!"

"जागा दिली, खरंय. तिथे तुमची गाढवं लोळायची. अर्ज केला, तेही खरं. गवंडी आणला, त्याला दोन वेळचं जेवू आम्ही घातलं. पण आतिफ, दगड काय डोंगरावरून पायी चालत आले का रे? ते गावातल्या बायकांनी आणले. डोक्यावर."

"मावशी," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "मी त्रेसष्ट लोकांशी बोललो. एकानेही हे सांगितलं नाही."

"त्रेसष्ट पुरुषांशी बोललास. आणि चार बायकांकडे आलास तेव्हा काय विचारलंस? लग्नात कुठली गाणी म्हणायचात आणि शूमरच्या भाकरीत कांदा किती घालायचात."

"ते लिहिलंय की मी."

"लिहिलंयस. कांदाही चुकलाय."

आता सभागृहात हसणं आवरेना. बाबांचे कान लाल झाले. वर्गात कुणी उलट बोललं की व्हायचे तसेच. "इतिहासाला पुरावा लागतो," ते म्हणाले.

"पुरावा आहे. शनिवारी गाडी घेऊन ये," असं म्हणून ती खाली बसली आणि शेजारणीने पुढे केलेली खारवलेली बी सोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जेवले नाहीत. ते त्या वर्षी गावात नव्हतेच. सात वर्षांचे असताना त्यांना हायफाला मामाकडे शिकायला ठेवलं होतं. परत आले तेव्हा शाळा उभी होती. मोठेपणी त्यांनी जे ऐकलं ते पुरुषांकडून. "म्हातारीची आठवण दगा देत असेल," ते मला म्हणाले. "पन्नास वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. त्या चार बायकांच्या कॅसेट मीच ऐकून उतरवल्या होत्या. मी आत गेले, रस्मियामावशीची कॅसेट शोधली आणि त्यांच्यासमोर लावली. शेवटी, गाणं संपल्यावर, तिचा आवाज येतो: "हे गाणं आम्ही दगड वाहताना म्हणायचो, शाळेचे दगड. तेव्हा आम्ही..." आणि मग बाबांचा आवाज: "ते राहू दे, मावशी. दुसरं कडवं आठवतंय का?"

बाबांनी कॅसेट मागे नेऊन पुन्हा ऐकली.

"तू हे ऐकलं होतंस, रबीहा?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, कॅसेटमधलं जे प्रकरणात बसत नाही ते सोडून दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर टेकडीकडे. "शनिवारी लवकर निघू," एवढंच म्हणाले.

शनिवारी गाडीत आम्ही चौघं होतो. पुढे बाबा आणि हाजी आतिफ, मागे मी आणि मावशी. आतिफ आला होता तो वडिलांची अब्रू राखायला. तसं त्याने गाडीत बसतानाच सांगून टाकलं. मावशीच्या मांडीवर भाकरी आणि जैतुनांचं गाठोडं होतं. गाडी सुरू झाली तशी तिची गोष्टही सुरू झाली.

मुलांची शाळा गावात आधीपासून होती. मुलींना नव्हती. इंग्रज सरकारने कळवलं की इमारत तुम्ही बांधा, शिक्षिका आम्ही पाठवतो. पुरुषांची बैठक बसली. कुणी म्हणालं कापणीनंतर पाहू, कुणी म्हणालं जैतुनांनंतर. मावशीची आई फिद्दा गावची सुईण होती. गावातली निम्मी लेकरं तिच्या हातात पहिल्यांदा रडलेली. ती बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचं पाहणं होईस्तोवर माझी नात आजी होईल. दगड आम्ही आणतो. तुम्ही फक्त आडवे येऊ नका."

"आणि आले का आडवे?" मी विचारलं.

"आले ना! पहिल्या दिवशी अकरा बायका गेल्या, तर झऱ्यापाशी पुरुष बसून खिदळत होते. दुसऱ्या दिवशी तीस गेल्या. आठवड्याने सगळं गाव. मग हसणाऱ्यांच्या घरी चूल पेटेना, तेव्हा थांबलं हसणं."

डोंगरावरच्या खाणीतून शाळेच्या जागेपर्यंत उतार होता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड. जैतुनांची झोडणी आटोपल्यावर सुरू केलं आणि बदामाला फूल आलं तेव्हा भिंती छताला लागल्या. गवंडी इल्यास मोठा खडूस माणूस होता. वाकडा दगड दिसला की परत पाठवायचा, आणि मग भांडण: माझा नाही, तिचा आहे. बायकांना लिहायला येत नव्हतं. म्हणून फिद्दाने युक्ती काढली. लग्नाच्या उशांवर प्रत्येकीच्या घराण्याची एक नक्षी भरलेली असते. तीच खिळ्याने दगडावर कोरायची. कुणाचं सरूचं झाड, कुणाची चंद्रकोर, कुणाचं पाखराचं पाऊल.

"इल्यास भडकला," मावशी म्हणाली. "म्हणे, माझ्या भिंतीवर तुमच्या उशा नकोत, लोक मला हसतील. मग ठरलं की कोरलेली बाजू आत राहील, चुन्यात. बाहेरून भिंत गुळगुळीत. आम्हाला चालेल म्हटलं. आम्हाला तर माहीत होतं ना आत काय आहे!"

"सोयीचं आहे," आतिफ पुढून म्हणाला. "भिंतीच्या आत, म्हणजे कुणाला दिसायला नको."

"भिंत कुठे राहिलीय रे आता?" मावशी म्हणाली.

आतिफ समोर रस्त्याकडे बघायला लागला.

अठ्ठेचाळीसच्या जुलैमध्ये, रमजानच्या दिवसांत, गावावर ज्यू सैन्याचे तोफगोळे पडले. लोक पलीकडच्या अंजिराच्या मळ्यांत गेले, तीन-चार दिवसांत परतू म्हणून. मावशी तेव्हा एकवीस वर्षांची, कडेवर लहानगा फयाद. चुलीवर मसूर शिजत ठेवून निघाली होती. ते तीन-चार दिवस काही संपले नाहीत. कुणी नासरेथला आले, कुणी सीमा ओलांडून लेबनॉनला पोचले, आणि परतायला निघालेल्यांना सैनिकांनी वाटेतून माघारी फिरवलं. पुढच्या वर्षी घरं सुरुंगाने उडवली. शाळेत सैन्याचं सामान होतं म्हणून ती थोडी जास्त जगली. एक्कावन्न साली तीही उडवली. त्याच हिवाळ्यात, नासरेथच्या एका भाड्याच्या खोलीत, बाबांची आई झकिय्या न्यूमोनियाने गेली. बाबा चौदा वर्षांचे होते. तिचा एकही फोटो नाही.

जंगलात बाकांवर दोन कुटुंबं मांस भाजत होती. पोरं चेंडू खेळत होती. मावशी कुणाकडे न बघता काठी टेकत पुढे गेली. झऱ्यापाशी ओंजळभर पाणी प्यायली, वर निवडुंगाच्या कुंपणाकडे पाहिलं आणि म्हणाली, "इथून वर. ही मुख्तारची भिंत. हा रस्ता. आतिफ, इथे तुझी म्हैस पडली होती, आठवतं?"

"आठवतं," आतिफ नकळत म्हणाला.

निवडुंगाच्या पलीकडे, पाइनच्या सुयांखाली, दगडांचा मोठा ढीग होता. बाबांच्या नकाशात ती जागा बरोबर होती. एवढं तरी त्यांचं चुकलं नव्हतं. मावशी एका ओंडक्यावर बसली आणि तिने हुकूम सोडला.

"उलटा."

"काय?"

"दगड रे. वरचे उलटे करा. मास्तर झालास म्हणून पाठ वाकत नाही का?"

साठी उलटलेले ते दोघे कोट काढून कामाला लागले. मीही लागले. पहिला दगड कोरा, दुसरा कोरा. पाचवा, सातवा, सगळे कोरे. घामाने बाबांचा सदरा पाठीला चिकटला. आतिफने कमरेवर हात ठेवले. "उम्म फयाद, पुरे आता. माझ्या वडिलांनी शाळा बांधली हे मान्य करा आणि ती भाकरी सोडा."

"हे कोपऱ्याचे दगड आहेत. हे पुरुषांनी आणले, तेवढेच आणले त्यांनी," मावशी शांतपणे म्हणाली. "डावीकडे जा. झाडाच्या मुळाशी."

मुळाशी एक दगड तिरपा रुतला होता. मी माती खरवडली. हाताला चुन्याचा पापुद्रा लागला, तो निघाला, आणि त्याखाली रेघा दिसल्या. मधोमध एक उभी, दोन्ही बाजूंना खालून वर निमुळत्या होत गेलेल्या तिरप्या रेघा. सरूचं झाड. लहान मुलाने काढावं तसं, पण खोल कोरलेलं.

"बाबा," मी म्हटलं.

मावशी उठली नाही. "सरू ना? ती नज्मा, रशीदची बायको. खाली बघ, तिच्या जावेचा असेल. दोघी कायम बरोबर यायच्या, भांडत भांडत."

खालच्या दगडावर दोन सरू होते.

त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. आतिफ गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती उकरत होता. चंद्रकोर निघाली, पाखराचं पाऊल निघालं, आठ पाकळ्यांचा तारा निघाला. प्रत्येक नक्षीला मावशी नाव सांगत होती, आणि नावाबरोबर काहीतरी जोडत होती: हिला सात मुलगे, हिचा आवाज गोड, ही पोटुशी असताना वाहत होती, फिद्दाने ओरडून घरी पाठवली तरी दुसऱ्या दिवशी हजर. आतिफला एक दगड सापडला, त्यावर कणीस होतं. त्याने तो मावशीकडे वळवून धरला.

"कणीस तुझ्या आईचं," ती म्हणाली.

"माझी आई? मुख्तारीणबाई होती ती. ती कशाला दगड..."

"तुझा बाप शहरात गेला की यायची. म्हणायची, त्याला सांगू नका, त्याचा रुबाब उतरेल."

आतिफ त्या दगडाकडे बघत राहिला. मग तो असा मोठ्याने हसला की बाकांवरचे लोक वळून पाहायला लागले. "आई गं! आणि म्हातारा मरेपर्यंत सांगत राहिला, शाळा मी बांधली!"

बाबा पलीकडे एकटेच दगड उलटत होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं. मावशी काठी टेकत त्यांच्याजवळ गेली. "कंगवा शोधतोयस ना, मुनीब? झकिय्याचा कंगवा. पाच दातांचा. सहावा कोरताना खिळा मोडला तिचा."

"तीही यायची?"

"तू हायफाला गेलास म्हणून रडत यायची. पहिले चार दिवस रडली. मग म्हणाली, मुलगा शिकायला गेला तर मी दगड तरी वाहीन."

कंगवा सापडायला अजून तासभर लागला. पाच दात, आणि सहाव्याच्या जागी नुसतं एक टिंब. बाबा जमिनीवर बसले. त्यांनी रुमालाने दगड पुसला, अंगठा एकेका दातावरून फिरवला आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवला. माझ्या वडिलांना मी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ते रडले नाहीत. त्यांची मान ताठ होती. शाळेत बक्षीस घ्यायला उभ्या राहिलेल्या मुलाची असते तशी.

एवढ्यात जंगलाचा पहारेकरी आला. तरुण होता, बोलायला सभ्य. "आजी, काय शोधताय?"

"शोधत नाही. सापडलीय."

"काय?"

"शाळा."

त्याने ढिगाकडे पाहिलं, आमच्या मातकट हातांकडे पाहिलं. "इथून दगड नेता येणार नाहीत. नियम आहे."

"नेऊ कुठे?" मावशी म्हणाली. "हे दगड मी इथे आणले. आता इथेच राहू देत. तू फक्त त्यांच्यावर चूल मांडू देऊ नकोस."

तो मान डोलावून निघून गेला. आम्ही ढिगाशेजारी बसून भाकरी खाल्ली. कांदा नीट चावून बाबा म्हणाले, "मावशी, किती घालता?" तिने सांगितलं. त्यांनी खिशातून वही काढून लिहून घेतलं.

नासरेथला आल्यावर बाबांनी विक्रीला ठेवलेल्या सगळ्या प्रती परत मागवल्या. मंडळातल्या काहींनी नाकं मुरडली; एका ओळीसाठी एवढं कशाला, दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवा म्हणाले. बाबा म्हणाले, "ओळ चुकली नाही. मी विचारलंच नव्हतं, ते चुकलं." पुढचे चौदा महिने आम्ही दोघं बायकांकडे जात राहिलो. या वेळी टेपरेकॉर्डर लावून बाबा तोंड बंद ठेवायला शिकले. लेबनॉनच्या छावण्यांमधून कॅसेट आल्या, जॉर्डनहून पत्रं आली. शेवटी चौऱ्याण्णव नावं जमली. ज्या हयात होत्या त्यांनी आपली नक्षी कागदावर स्वतः काढून दिली, वाकड्यातिकड्या रेघांनी. त्या तशाच छापल्या.

बाबांना रस्मियामावशीचं नाव मुखपृष्ठावर घालायचं होतं. ते विचारायला गेले.

"मुखपृष्ठावर तुझंच राहू दे, तू राबलायस," ती म्हणाली. "पण आत मला उम्म फयाद लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

"फयाद तेव्हा जन्मलाही नव्हता. दगड वाहिले ते रस्मियाने. फिद्दाची मुलगी रस्मिया, असं लिही."

"आणि शिक्षण?" बाबांनी सवयीने विचारलं, आणि लगेच जीभ चावली. शाळा उभी राहिली तेव्हा ती सतरा वर्षांची, लग्न ठरलेलं. तिच्या धाकट्या बहिणी शिकल्या, ती त्या खोलीत एकदाही बसली नव्हती.

"लिही की," ती म्हणाली. "लिहिता-वाचता येत नाही. शाळा बांधली आहे."

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तेच सभागृह होतं, पण पहिल्या रांगेत म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या आणि हाजी आतिफ मागे उभा राहून येईल त्याला आपल्या आईचं कणीस दाखवत होता. बाबांनी भाषण केलं नाही. चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"नज्मा, सालिमची मुलगी."

पहिल्या नावाला कुणाला काही कळलं नाही. मग एक मध्यमवयीन बाई उठली. "तिची नात. हजर."

मग कळलं. मुली, सुना, नाती उठत गेल्या. ज्यांचं इथे कुणी उरलं नव्हतं त्यांच्यासाठी शेजारी उठले. "झकिय्या, यूसुफची मुलगी," बाबांनी वाचलं आणि थांबले. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी कोटाचं बटण लावलं. "हजर," ते स्वतःच म्हणाले, आणि पुढचं नाव घेतलं.

सगळ्यात शेवटी ते म्हणाले, "रस्मिया, फिद्दाची मुलगी."

ती काठीवर भार देऊन सावकाश उठली.

"हजर," ती म्हणाली. "आणि जरा मोठ्याने वाच, मास्तर. मागच्यांना ऐकू येत नाहीये."